सोबत नेणे म्हणजे काय?

प्रवासाला निघताना माणूस दोन याद्या करीत असतो. एक, बरोबर काय न्यायचे याची. दुसरी, मागे काय ठेवायचे याची. पहिली यादी कागदावर उतरते आणि तिची चर्चा घरभर होते. दुसरी यादी कोणी लिहीत नाही. ती मनातल्या मनात, बहुधा घाईघाईने ठरते. आमच्या मते माणसाच्या नीतीची खरी परीक्षा या दुसऱ्या यादीत होते. कोणाला सोबत न्यायचे, कुठपर्यंत न्यायचे आणि अडचण आली की कोणाला वाटेत सोडायचे, हे प्रश्न दिसतात प्रवासाचे, पण असतात ते आयुष्याचे.

हे प्रश्न माणसांविषयीचे असतील तर त्यांची उत्तरे आपल्याला निदान पाठ तरी असतात. आईवडिलांचा मान राखावा, मित्राला दगा देऊ नये, आजाऱ्याला टाकून जाऊ नये. परंतु आपल्यामागून चालणारा जीव जेव्हा बोलू शकत नाही, करार करू शकत नाही, आपण कोठे चाललो आहोत हेही विचारू शकत नाही, तेव्हा त्याचे आपण काही देणे लागतो काय? की ती केवळ आपल्या मर्जीची गोष्ट आहे? कुत्रा हा असा जीव आहे. त्याच्याविषयी आपली मराठी भाषा फारशी दयाळू नाही. ‘कुत्र्याचे मरण’, ‘कुत्र्याची शेपूट’ असे शब्द आपण सहज वापरतो. आणि तरीही याच भूमीत दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री उभी आहेत व खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. तिरस्कार आणि सहवास ही दोन्ही नाती आपण एकाच प्राण्याशी जोडून ठेवली आहेत.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते चाकांवरच्या एका घराने. अशी घरे चेंबूरकरांना अगदीच अपरिचित नाहीत. राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ येथेच होता. 2017 च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि पुढे ती जागा विकली गेली. चित्रीकरणाच्या जागी नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅन उभ्या असत आणि आत पलंग, आरसा, न्हाणीघर सारे काही आहे अशी वर्णने मुले एकमेकांना सांगत. 2021 साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नटांचे हे फिरते घर आता चालकासह भाड्याने घेऊन सहलीला जाणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात अशी एक गाडी एका दिवसासाठी घेतली. जायचे होते रायगड जिल्ह्यातील कोर्लईला. तेथील किल्ला आणि पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलणारी कॅथलिक वस्ती पाहावी अशी घरातील आजींची फार दिवसांची इच्छा होती, म्हणून त्यांनी आम्हांलाही सोबत घेतले. परंतु गाडी घेण्याचे खरे कारण होते ब्रुनो. हा त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. मागच्या पायांत वात शिरलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. त्याला रेल्वेत नेणे अवघड, लहान मोटारीत फार वेळ बसणे त्याला सोसवत नाही, आणि उपाहारगृहांत त्याला कोणी घेत नाही.

पहाटे सायन-पनवेल महामार्गाला लागलो. वाशीच्या खाडीवर आल्याबरोबर ब्रुनोने खिडकीच्या फटीला नाक लावले. खारा वास त्याला म्हातारपणीही ओळखता येत होता. वृद्ध कुत्र्याबरोबरचा प्रवास घड्याळाने चालत नाही. दर दीड-दोन तासांनी थांबावे लागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून त्याच्यासमोर सतत पाणी ठेवावे लागते आणि उन्हात बंद गाडीत त्याला थोडा वेळदेखील एकटे ठेवता येत नाही. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात त्याला नेता येणार नव्हते, म्हणून तेथे कोणीच उतरले नाही. घरातील धाकट्या नातवाने थोडी कुरकुर केली. पण लवकरच तोही ब्रुनोच्या गतीला रुळला.

पेण ओलांडल्यावर गाडी थांबली, कारण रस्त्यावर मेंढरे होती. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कोकणात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परत वर जातात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शेतकरी आपल्या रानात त्यांची मेंढरे रात्री बसवून घेतात. जमिनीला खत मिळते आणि धनगरांना धान्य वा पैसे. त्यांचा वाडा, म्हणजे मुक्कामाचे सारे बिऱ्हाड, घोड्याच्या पाठीवर होता: भांडी, घोंगड्या, त्यांवर बांधलेली कोंबडी आणि नुकते जन्मलेले एक कोकरू. घोड्यामागून एक स्त्री चालत होती आणि कळपाच्या कडेने दोन कुत्रे. आमच्या खिडकीतून ब्रुनो जिवाच्या आकांताने भुंकला. त्या दोघांनी मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. ते कामावर होते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर अशी आपली म्हण आहे. त्या क्षणी रस्त्यावर अशी दोन बिऱ्हाडे समोरासमोर उभी होती. एकाला वातानुकूलन यंत्र होते, दुसऱ्याला घोडा. एकातला कुत्रा पाहुण्यासारखा, दुसऱ्यातला सहकाऱ्यासारखा. धनगराचा कुत्रा लांडग्यापासून कळप राखतो आणि आपली भाकरी कमावतो. त्याच्या बाबतीत ‘याला सोबत का न्यायचे?’ हा प्रश्न उद्भवत नाही. ब्रुनोच्या बाबतीत मात्र तो प्रश्न त्या दिवशी गाडीत बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मनात होता.

कारण त्या कुटुंबाची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार होती. चेंबूरमध्ये आज ही नित्याची गोष्ट झाली आहे. नवे घर मिळेपर्यंत काही वर्षे भाड्याच्या घरात काढायची, आणि जे घर त्यांना सोयीचे वाटत होते त्याच्या मालकाची अट होती की कुत्रा चालणार नाही. परतीच्या वाटेवर घरातील कर्त्या पुरुषाने आम्हांला हळूच विचारले, “फादर, कर्जतकडे ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे. ते म्हणतात, ठेवा तुमचा कुत्रा. भरपूर मोकळी जागा आहे. यात काही चूक आहे का?” आम्ही विचारले, “तिथे त्याच्याबरोबर कोण राहतं?” ते म्हणाले, “तसं कोणी नाही. वॉचमन असतो.” मागच्या आसनावर आजींना झोप लागली आहे अशी आमची समजूत होती. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “म्हातारं झालं की ठेवायचं कुठे? आज त्याचं विचारता आहात. विचारून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.”

गाडीत कोणी काही बोलले नाही. परंतु आजींनी कोड्याची गाठ नेमकी दाखवली होती. जो उपयोगाचा राहिला नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत नेमका हाच दाखला घेतला आहे. ज्या कुत्र्याने दीर्घकाळ इमानाने सेवा केली, तो सेवेस असमर्थ झाल्यावर धन्याने त्याला मरेपर्यंत सांभाळले पाहिजे, असे तो सांगतो. मात्र त्याचे कारण वेगळे आहे. कांटच्या मते प्राण्यांप्रत आपले थेट कर्तव्य नाही. पण जो प्राण्यांशी निष्ठुर होतो तो माणसांशीही निष्ठुर होऊ लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही त्यापूर्वी पाच शतके असाच विचार मांडला होता. प्राण्यांविषयी कळवळा बाळगण्याची सवय माणसाला माणसाविषयीच्या कळवळ्याकडे नेते. आम्ही सेमिनरीत हे शिकलो आणि ते खोटे नाही. तरीही हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. ब्रुनो जर केवळ माणुसकीचा सराव करण्याचे साधन असेल, तर तो सराव दुसऱ्या कशावरही होऊ शकेल. त्याचे स्वतःचे असे काही देणे आहे की नाही?

1914 साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे एक प्राचीन दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे ते दफन: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा. त्या कुत्र्याच्या दातांचा अलीकडे अभ्यास झाला, तेव्हा असे अनुमान निघाले की तो पिल्लू असताना गंभीर आजारी होता आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून तो तितके दिवस जगला नसता. आजारी पिल्लाचा शिकारीला उपयोग नाही, राखणीलाही नाही. स्वतः अन्नाच्या शोधात वणवण फिरणाऱ्या माणसांनी त्याला तरी सांभाळले. म्हणजे हे नाते जितके जुने, तितकाच जुना त्यातला बिनहिशेबी भाग आहे.

आणि या नात्यात एक गोष्ट अशी आहे की जी इतर प्राण्यांच्या बाबतीत क्वचितच आढळते. कुत्र्याने आपले घर जागेशी बांधलेले नसते. ते माणसांशी बांधलेले असते. त्या दिवशी कॅराव्हॅनच्या चिंचोळ्या बोळात, आजींच्या पायाशी, गाडीचे हादरे सोशीत ब्रुनो निवांत झोपला होता. त्याला मोकळी जागा नको होती. कर्जतचे दोन एकर त्याला आजींच्या पायाशी असलेल्या दोन फुटांची भरपाई देऊ शकले नसते. ही ठेवण त्याने निवडलेली नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या कुटुंबाने त्याला घरी आणले आणि रोज हाक मारून, खाऊ घालून ती त्याच्यात निर्माण केली. ज्या अवलंबित्वाला आपण जन्म दिला, त्याची जबाबदारी आपलीच असते. आमच्या मते कुत्र्याच्या हक्काचे मूळ येथे आहे. सोबत नेणे हे न बोललेले वचन आहे, आणि ज्याला वचन मोडल्याचा जाबही विचारता येत नाही त्याला दिलेले वचन अधिकच जपावे लागते.

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक 1960 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ट्रकवर बांधून घेतलेल्या घरात बसून चार्ली नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्यासह आपला देश पाहण्यास निघाला. डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव त्याने त्या गाडीला दिले होते. वाटेत चार्ली आजारी पडला तेव्हा टेक्सासमधील अमरिलो येथे स्टाइनबेकला प्रवास खोळंबून ठेवावा लागला. देश पाहण्याची मोठी योजना एका कुत्र्याच्या दुखण्यापुढे थांबली. सोबतीची किंमत अशीच चुकवावी लागते: वेळाने, गैरसोयीने, बेत बदलून.

आपल्या महाकाव्यातील महाप्रस्थानाची कथा सर्वांना ठाऊक आहे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक पडतात. शेवटी युधिष्ठिराबरोबर उरतो तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चढण्यास सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. येथपर्यंत आपण नेहमी ऐकतो; पण पुढचा वाद अधिक मोलाचा आहे. इंद्र टोमणा मारतो की भावांना आणि पत्नीला सोडून आलास, मग कुत्र्यापाशीच का अडतोस? युधिष्ठिराचे उत्तर असे, की ते मरण पावले होते, त्यांना उठवणे त्याच्या हातात नव्हते. जिवंतपणी त्याने त्यांना टाकले नाही. आणि हा तर जिवंत आहे, आश्रयाला आलेला आहे. जे हातात नाही त्याचा दोष नाही. जे हातात आहे ते टाळण्याला मात्र सबब नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्रही याहून वेगळे सांगत नाही: अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरच नसते. म्हणून ज्यांना खरोखरच कुत्रा ठेवणे शक्य नाही आणि जे त्याच्यासाठी माया करणारे दुसरे घर शोधतात, त्यांना आम्ही दोष देणार नाही. हात बदलणे वेगळे आणि हात झटकणे वेगळे.

आमच्या पवित्र शास्त्रातही प्रवासात सोबत चालणारा एक कुत्रा आहे. तोबीतच्या ग्रंथात आंधळ्या बापाचा मुलगा तोबिया दूर मेदिया देशी पैसे आणण्यास निघतो, आणि ग्रंथकार सांगतो की त्याचा कुत्राही त्याच्यासोबत निघाला. परतीच्या वाटेवर पुन्हा त्याचा उल्लेख येतो. मधल्या साऱ्या कथेत तो काहीच करीत नाही. इतर ठिकाणी शास्त्रात कुत्र्याचा उल्लेख बहुधा हेटाळणीनेच येतो; येथे मात्र तो निरुपयोगी असूनही सोबत आहे, आणि घरी परत पोहोचतो.

परंतु त्या वाटेवर आणखी एक सोबती होता आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. वाट दाखवण्यासाठी रोजाने ठेवलेला मनुष्य. दिवसाला एक द्राख्मा आणि वाटखर्च, अशी त्याची मजुरी बापाने आधीच ठरवली होती. परत आल्यावर बापलेक त्याच्या मजुरीविषयी बोलतात, आणि ठरलेल्या रकमेऐवजी आणलेल्या सर्व वस्तूंचा अर्धा भाग त्याला द्यावा असे ठरवतात. तो देवदूत राफाएल आहे हे त्यांना त्यानंतर कळते. देवदूत म्हणून त्यांनी त्याचा मान केला नाही. वाटेवरचा मजूर म्हणून केला.

हे सांगण्याचे कारण त्या दिवशीच्या दुपारीच मिळाले होते. अलिबागच्या अलीकडे जेवायला थांबलो. उपाहारगृहात कुत्र्याला प्रवेश नव्हता, म्हणून गाडीचे यंत्र व थंड हवा चालू ठेवून ब्रुनोजवळ चालकाला बसवले गेले. ब्रुनोसाठी घरून उकडलेली कोंबडी आणली होती. आमची ताटे निम्मी झाली तेव्हा आजींनी विचारले, “ड्रायव्हरदादाला काय दिलंत?” “तो मागून जेवेल, आई,” असे उत्तर आले. आजींनी नातवाला कुत्र्याजवळ पाठवले, चालकाला बोलावून आपल्या शेजारी बसवले आणि त्याच्या ताटात मासा वाढून मग त्याचे गाव विचारले. सकाळपासून आम्ही त्या मनुष्याच्या हाती आमचे प्राण देऊन बसलो होतो.

प्राणिप्रेमावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कशाला? ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत दोन्ही बाजू सांभाळते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्चावा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. हा आक्षेप आम्ही मानतो. फक्त त्याचा रोख जरा वेगळा करतो. कुत्र्यावर दया केल्यामुळे चालक उपाशी राहत नाही. दया कुत्र्यापाशीच थांबल्यामुळे तो उपाशी राहतो. ज्याला ब्रुनोची धाप ऐकू येते त्याला चालकाचा थकवा दिसू नये, हे आश्चर्य आहे. आणि उलट बाजूने पाहिले तर, ज्या हाताने म्हातारा कुत्रा महामार्गावर उतरवला जातो त्या हाताने माणसांसाठी काही वेगळे घडेल अशी खात्री कोण देईल?

कायद्याचा धाक येथे फारसा कामाचा नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा ठरवला. परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठेवलेला दंड 10 ते 50 रुपयांचा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी घर भाड्याने देणाऱ्या मालकाचा नकार अनेकांना गप्प बसवतो. जेथे कायदा दुबळा तेथे सदसद्विवेकाला अधिक काम पडते.

त्या कुटुंबाने शेवटी दुसरे घर पाहिले. ते स्टेशनपासून दूर आहे, एक खोली कमी आहे आणि भाडेही थोडे अधिक आहे. कर्त्या पुरुषाला आता कामावर जाण्यास जास्त वेळ लागतो आणि त्याबद्दल तो कधीकधी कुरकुरतो. हा त्याग लहान नाही आणि त्याला मोठे नाव देण्याचीही गरज नाही. दिलेले वचन पाळले, इतकेच.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती साधी आहे. नाताळात किंवा वाढदिवशी मुलाने पिल्लाचा हट्ट धरला, तर त्याच्या डोळ्यांत पाहण्यापूर्वी बारा-चौदा वर्षे पुढे पाहावे. तेव्हा मुलगा शिक्षणासाठी परगावी असेल, घर कदाचित बदललेले असेल, आणि पिल्लू म्हातारे झालेले असेल. त्या दिवसाची तयारी असेल तरच त्याला घरी आणावे. आणलेच, तर ‘याचे आता काय करायचे?’ हा प्रश्न मुलांच्या देखत जपून बोलावा. मुले उत्तर लक्षात ठेवतात आणि पुढे तेच उत्तर आपल्यासाठी वापरतात. सहलीला निघालात तर कुत्र्याचे पाणी भरून घ्यावे, आणि त्याच वेळी चालकाचा डबा आहे की नाही तेही विचारावे.